तासाभराचे अंतर

दीव हे बेट आहे हे सुरतकरांना सांगावे लागत नाही. पण मुंबईचा विमानतळही बेटावरच आहे, हे मुंबईकरांच्याही सहसा ध्यानात नसते. साष्टी बेटाभोवतीच्या खाड्या पुलांखाली आणि भरावाखाली दिसेनाशा झाल्या आहेत, इतकेच. या दोन बेटांवरील धावपट्ट्यांमधले हवाई अंतर सुमारे २७० किलोमीटर. उधना ते जळगाव हा आपला नेहमीचा रेल्वेमार्गही याहून थोडा लांबच आहे. मात्र जमिनीवरून जायचे तर खंभातच्या आखाताला वळसा पडतो आणि हेच अंतर जवळजवळ तिप्पट होते.

आमची आत्या दीवला असे. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. आतोबा त्याच्या नोकरीत होते आणि पुढे तिथेच स्थायिक झाले. १९७० च्या दशकात सुरतेला आजी गेली तेव्हा तार करून कळविले. उना, भावनगर, अहमदाबाद असे करीत आत्या चौथ्या दिवशी पोहोचली. उशीर झाला असे कोणी म्हटले नाही. उलट, इतक्या लांबून एकटी आली याचेच सर्वांना अप्रूप होते.

२००९ मध्ये मुंबईला काका गेले. तेव्हा मुंबई-दीव विमान चालू होते. आतेभाऊ तिसऱ्या दिवशी आला आणि मी बोलून गेलो, “विमान तर तासाभराचे!” तो काही बोलला नाही.

त्या तासाचा विचार मी फार नंतर केला. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे उभे राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे पाळी येईपर्यंत विमानाला थांबावे लागते. तोही काळ त्यात अंदाजाने धरलेला असतो. न धरलेले बरेच उरते. छोट्या विमानातल्या मोजक्या जागा, ऐन वेळचे भाडे, कार्यालयातील रजा, घरी अंथरुणाला खिळलेले माणूस. लांबचा रस्ता या सगळ्यावर पांघरूण घालीत असे. कोणाला काय अडचण आहे हे विचारावेच लागत नसे. विमानाने ते पांघरूण काढून घेतले. आता न येणाऱ्याने कारण द्यायचे आणि ऐकणाऱ्याने ते तोलायचे. तोलतानाही आपण दुसऱ्याचे अंतर आकाशातून मोजतो, स्वतःचे मात्र उंबरठ्यापासून. माझ्या त्या वाक्यात शोकापेक्षा हिशेबच अधिक होता, हे मला आज मान्य करावे लागते.

नोव्हेंबर २०२० मध्ये हजिरा-घोघा जहाजसेवा सुरू झाली आणि ३७० किलोमीटरचा रस्ता ९० किलोमीटरच्या जलमार्गावर आला. आत्या आता नाही. आतेभावाला गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. तो दर दिवाळीला बोलावतो. गेल्या दिवाळीत मी त्याला फोनवर समजावून सांगितले, की घोघ्याला उतरल्यावरही पुढे चार-पाच तासांचा रस्ता उरतोच, शिवाय सकाळी लवकर हजिऱ्याला पोहोचणे या वयात जमत नाही.

“हो रे,” तो म्हणाला, “तुला लांबच पडते.”