ती डोक्यात का जाते?

मालिकेचा भाग संपता संपता आपण पात्रांबद्दल जे बोलतो, त्याला कुणी समीक्षा म्हणत नाही. ‘तो भारी आहे’, ‘ती डोक्यात जाते’, एवढंच. कारण विचारलं तर ते बहुधा नंतर शोधावं लागतं. मला मात्र या फुटकळ मतांमध्ये भारदस्त लेखांपेक्षा जास्त रस आहे. कथेनं आपल्याला कुणाच्या शेजारी बसवलंय, ते त्यांतून नेमकं कळतं.

‘ब्रेकिंग बॅड’ (२००८ ते २०१३) ही अमेरिकन मालिका घ्या. वॉल्टर व्हाइट हा अल्बुकर्कीतला रसायनशास्त्राचा शिक्षक. कर्करोग झाल्याचं कळल्यावर घरच्यांच्या नावाखाली तो अमली पदार्थ बनवू लागतो. पुढे एका तरुणीला डोळ्यांदेखत मरू देतो, एका लहान मुलावर विषप्रयोग करतो. त्याची बायको स्कायलर सुरुवातीला गरोदर आहे आणि नवरा असतो कुठे, खोटं का बोलतो, एवढंच विचारते. शिव्या खाल्ल्या त्या मात्र स्कायलरनं. कटकटी, ढोंगी, सारखी मध्ये येणारी! मध्ये येते हे खरंच, पण कुणाच्या? पहिल्या भागापासून आपण वॉल्टरच्या गुपितात सामील आहोत. तिनं प्रश्न विचारला की आपलीच चोरी पकडली जाणार असं वाटतं. ही भूमिका करणाऱ्या ॲना गनपर्यंत हा राग धमकीच्या भाषेत पोचला. ऑगस्ट २०१३मध्ये तिनं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला आणि नमतं न घेणाऱ्या बायकोबद्दलच्या आपल्या समजुतींकडे बोट दाखवलं.

तिचं म्हणणं मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मराठी मालिकेत आपली जागा राधिकेच्या, म्हणजे बायकोच्याच शेजारी होती, त्यामुळे तिथे बायको सुरक्षित राहिली. डोक्यात गेली ती नवऱ्याची प्रेयसी शनाया. संसार मोडणारा नवरा गुरुनाथ ‘गॅरी’ म्हणून चेष्टेवर सुटला. म्हणजे जागा बदलली तरी बाईच्या वाट्याचा राग काही तितकासा हलत नाही.

व्हिडिओ गेममध्ये ही जागा आणखी घट्ट होते, कारण तिथे हात आपला असतो. २०१३च्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये एली या मुलीला वाचवण्यासाठी नायक जोएल एका शल्यविशारदाला मारतो; खेळणाऱ्यानं ते केल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. २०२०च्या दुसऱ्या भागात त्या डॉक्टरची मुलगी ॲबी येते आणि जोएलला ठार करते. खेळणारे खवळले. मग खेळाचा जवळजवळ अर्धा भाग ॲबी होऊनच खेळायला लावला जातो. एका टप्प्यावर तर ॲबीच्या हातांनी, जिच्यासाठी पहिला खेळ खेळलो त्या एलीशीच लढावं लागतं. कल्पना धाडसी आहे, पण अंमलबजावणीत जरा लबाडी वाटते. एलीच्या हातून आधी एक कुत्री मारायला लावायची आणि नंतर ॲबी त्याच कुत्रीशी खेळताना दाखवायची, हा भावनेचा सरळसरळ वशिला झाला. तरी काहींची मतं फिरली. काहींची इतकी फिरली नाहीत, की ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बटणं आपणच दाबली होती, हे मात्र त्या रागात कुणाला आठवत नव्हतं.

पात्रावरचा राग नटाच्या माथी येणं, हे आपल्याकडे पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांनी पडद्याबाहेर भोगलं. प्रत्यक्षात सेवादलात वाढलेला हा माणूस, पण बायका त्यांना बिचकत. तिथे निदान पात्र तरी खरोखर वाईट होतं.

स्कायलरच्या बाबतीत तर मालिकेनंच निकाल देऊन टाकला. सप्टेंबर २०१३मध्ये आलेल्या शेवटच्या भागात वॉल्टर तिला भेटायला येतो. पुन्हा कुटुंबाचं कारण सांगणार असशील तर ऐकून घेणार नाही, असं ती म्हणू लागते, आणि तो तिला तोडत कबूल करतो, की हे सगळं आपण स्वतःसाठी केलं, आपल्याला ते आवडत होतं. इतकी वर्षं तिला जे जाणवत होतं, तेच. त्या प्रसंगाचं कौतुक खूप झालं. पण बहुतेक वेळा ते वॉल्टरच्या प्रामाणिकपणाचं.