दोन यमुना आणि स्त्रीधर्माचा प्रश्न

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून 1890पासून प्रसिद्ध होऊ लागली. दोन्हींच्या नायिकेचे नाव यमुना, दोघीही विधवा होतात आणि दोघींपुढे पेच एकच येतो: बाईचा धर्म काय, हे ठरवायचे कोणी?

पदमनजी मूळचे बेळगावचे. 1854मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्यांची यमुना नवऱ्याबरोबर, विनायकरावांबरोबर, प्रवासाला निघते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती ऐकते. पुढे तिच्यावरही तीच वेळ येते. केशवपनाच्या धाकातून सुटून ती अखेर ख्रिस्ती होते आणि दुसरे लग्न करते. धर्मप्रचाराचा हेतू लपलेला नाही. यमुना बरेचदा माणसासारखी न बोलता प्रवचनकारासारखी बोलते. पण तिची सुटका तिच्या स्वतःच्या श्रद्धेतून होते, कोणा वडीलधाऱ्याच्या संमतीने नव्हे. त्या काळी हे लहानसहान धाडस नव्हते.

विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, 1856मध्ये झाला होता. त्यासाठी ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीचा आधार काढला, पुढे महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनीही शास्त्राच्याच आखाड्यात वाद घातला. डावपेच म्हणून हे बरोबरच होते. मात्र शास्त्रात सापडते म्हणून मिळालेली मोकळीक ही परवानगीच राहते. उद्या दुसरे वचन निघाले तर ती परतही घेता येते. शिवाय पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला.

मग धर्म बदलला की प्रश्न सुटतो का? पंडिता रमाबाई 1883मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि थोड्याच काळात तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे खटके उडू लागले. भटजींच्या तावडीतून सुटून पाद्र्यांच्या हुकमाखाली जायला त्या तयार नव्हत्या. पदमनजींच्या यमुनेवर असा प्रसंग येत नाही, आणि कादंबरीचे कच्चे राहिलेले टोक नेमके हेच आहे.

आपट्यांची यमू कुठेच निघून जात नाही. ती स्वतःची कहाणी स्वतः सांगते. मुंबईच्या बिऱ्हाडात नवऱ्याच्या, रघुनाथरावांच्या, प्रोत्साहनाने वाचायला लागलेली यमू हे कादंबरीतले सर्वांत सुखाचे चित्र. पण तेही नवऱ्याच्या चांगुलपणावर उभे आहे. तिची मैत्रीण दुर्गी हिला तसा नवरा मिळाला नाही, एवढाच दोघींत फरक. रघुनाथराव जातात, यमूचा आधार एका दिवसात नाहीसा होतो, आणि शंकरमामंजींसारखा ढोंगी माणूस धर्माचा कैवारी होऊन बळजबरीने तिचे केशवपन करवतो. कादंबरी येऊ लागली त्याच 1890 साली प्रत्यक्षात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केस न कापण्याचा ठराव झाला. शास्त्र्यांचे वाद चालू असताना ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नकार दिला.

घटनांनी पाहिले तर पदमनजींची यमुना जिंकते आणि आपट्यांची हरते. विचाराच्या खोलीत मात्र आपटे पुढे जातात. चांगला नवरा हा स्त्रीच्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही, हे यमूचे आयुष्य एकही सिद्धान्त न मांडता दाखवते. त्याच्या आधीच, 1882मध्ये, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये विचारले होते की पतिव्रतेचे नियम पुरुषांना का नाहीत. कादंबरीच्या नायिकेला इतके रोखठोक बोलायला आणखी काही दशके लागली.

विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधली (1934) अचला नवऱ्यापासून वेगळी होऊन विरागबरोबर लग्नाशिवाय राहते आणि आई व्हायचे ठरवते. ती शास्त्राचा आधार शोधत नाही, धर्मही बदलत नाही. तिच्यासारखीला रीतसर घटस्फोट मिळण्याची सोय तेव्हा कायद्यात नव्हती. मुंबई प्रांतात ती 1947मध्ये झाली.