उतरविलेल्या पताकेचे काय करावे?

आश्विन उजाडला, आभाळ धुऊन निघाले, की गृहस्थ घराकडे पाहू लागतो. कौले सारखी करतो, भिंतीचे पोपडे खरवडतो, दसऱ्याला औत-अवजारे धुऊन पुसून मांडतो. देवळापुढच्या पताकेकडे मात्र मान वर करून पाहणारे थोडे. आषाढीपूर्वी लावलेली ती पताका तीन-चार महिने वारा-पाऊस खात असते. कार्तिकी तोंडावर आली म्हणजे कोणी तरी म्हणतो, "अहो, पताका पार विरली की!" मग धावपळ. पताका उभारण्याचे दिवस पुष्कळ आहेत. पण तिची सेवा करण्याचा ऋतू आमच्या मते एकच, तो शरद.

सेवा म्हणजे गंध-फूल वाहणे एवढेच नव्हे. कापड प्रथम विरते ते काठीकडच्या बाजूस नाही, तर मोकळ्या फडफडणाऱ्या टोकाकडे. तेथली टीप उसवली की धागे सुटतात आणि पाहता पाहता वीतभर चीर आत येते. टीप उसवलेली दिसताच पताका उतरवून, कड दुमडून शिवली, तर तीच पताका पुन्हा उभी राहते. धुतली तर सावलीत वाळवावी आणि पूर्ण सुकल्याखेरीज घडी घालू नये; दमट घडीत बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते मग जात नाहीत. काठी कळकाची असेल तर ती कुजते जमिनीलगत, जेथे माती आणि ओल यांची गाठ पडते तेथे. चाकूचे टोक टेकून पाहावे. सहज आत गेले तर ती काठी गेली म्हणून समजावे, वरून कितीही ताठ दिसो. नवा कळक तोडावयाचा तो पाऊस सरल्यावर, तीन-चार वर्षांचा पक्का पाहून तोडावा. कोवळ्या किंवा पावसाळ्यात तोडलेल्या कळकात पिठूळ अंश अधिक, आणि भुंग्याला तेच हवे असते. लोखंडी नळ असेल तर त्याचे वरचे तोंड बंद आहे ना, ते पाहावे. उघड्या तोंडाने पावसाचे पाणी आत साठते, नळ आतून गंजतो आणि बाहेर रंग झळकत राहतो. (माणसांतही असे नळ पुष्कळ, पण तो विषय कीर्तनाचा.) दोरी उन्हाने कुजली असेल तर बदलावी, कप्पीला तेल घालावे. काठी आडवी-उभी करताना जवळून विजेची तार गेली आहे का, हे आधी पाहावे. भक्तीच्या भरात हे विसरले जाते आणि अनर्थ होतो.

येथवर कोणाचा वाद नाही. वाद पुढे आहे. नवी पताका चढली. खाली उतरली तिचे काय करावयाचे?

हा प्रश्न आमच्यापुढे नुसता पोथीतून आलेला नाही. काही वर्षांमागे कार्तिकात एका गावी सप्ताहास गेलो होतो. नवी पताका लागली, जुनी देवळाच्या कट्ट्यावर घडी करून ठेवली होती. गावातली एक बाई तान्हे लेकरू कडेवर घेऊन आली. त्याच रात्री तिची टोळी ऊसतोडीला निघावयाची होती; गाड्या वेशीवर उभ्या. ती म्हणाली, "बुवा, ते जुनं कापड टाकूनच देनार असाल तर मला द्या. सुती हाय, मऊ झालंय. कोपीत लेकराच्या खाली घालीन. थंडी लई असती तिकडं." कट्ट्यावर बसलेले वृद्ध वीणेकरी चमकले. ते म्हणाले, "माय, पताका हाय ती. लेकरू तिच्यावर मुतंल." बाई गप्प झाली. सगळे आमच्या तोंडाकडे पाहू लागले.

वीणेकऱ्यांचे म्हणणे झिडकारण्यासारखे नव्हते. ज्या पताकेला पाहून वाटसरू पायातले काढतो, जी खांद्यावर घेऊन वारकरी पंढरीची वाट चालतो, ती लेकराच्या ओल्या बुडाखाली जावी? आज लेकराखाली, उद्या सायकल पुसावयाला. पूज्यभाव एकदा ढिला झाला की तो कोठे थांबेल, सांगता येत नाही. हा पूर्वपक्ष आहे आणि तो बळकट आहे.

उत्तर शोधताना आम्हांला पाठशाळेत शिकलेले एक अधिकरण आठवले. पूर्वमीमांसेच्या चौथ्या अध्यायात कृष्णविषाणेचा विचार आहे. सोमयागात दीक्षित यजमानाने नखाने अंग खाजवावयाचे नसते. त्यासाठी त्याच्याजवळ काळविटाचे शिंग असते. दक्षिणा देऊन झाल्या की ते शिंग चात्वाल नावाच्या खड्ड्यात टाकावयाचे. शास्त्रकार विचारतात, हे टाकणे म्हणजे काही नवे फळ देणारे कर्म आहे का? आणि ठरवितात की नाही. ज्या वस्तूने आपले काम केले, तिची योग्य ठिकाणी लावलेली ही वाट आहे. याला 'प्रतिपत्तिकर्म' असे नाव आहे. आम्हांला या विचाराचे नेहमी कौतुक वाटते. एवढा मोठा याग, आणि एका खाजवण्याच्या शिंगाचा शेवट कसा व्हावा याचीही तेथे काळजी! काम झाले म्हणून भिरकावून दिले नाही, आणि पवित्र झाले म्हणून कायमचे देव्हाऱ्यातही बसविले नाही.

आता आमच्या पताकेला चात्वाल कोणता? गावोगाव एकच रीत लिहून ठेवली आहे असे नाही. जेथे गावाची ठरलेली रीत आहे तेथे ती पाळावी. जेथे नाही, तेथे विचाराला जागा आहे. देवीच्या अंगावरची साडी प्रसाद म्हणून बायका नेसतात. ती नेसून चुलीपुढे बसतात, लेकरे पाजतात, शेतात निंदणीला जातात. कोणी त्यात पाप मानीत नाही. मूर्तीच्या अंगाला लागलेले वस्त्र जर प्रसाद होते, तर मूर्तीच्या दारावर फडकलेले वस्त्र का होऊ नये? कोणी म्हणेल, साडी हे वस्त्र आहे, पताका हे चिन्ह आहे. खरे आहे. पण चिन्हपण एकट्या कापडात नसते. कापड, काठी, उभारणी आणि पाहणाऱ्याचा भाव मिळून पताका होते. नमस्कार करून उतरविली, त्या क्षणी ते चिन्हपण नव्या पताकेत गेले. खाली राहिले ते देवाच्या दारचे कापड.

आणि एक गंमत सांगतो. त्याच देवळाची मागची कळकाची काठी मंडपाला टेकू म्हणून लावलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. तिच्यावर गड्यांचे सदरे वाळत होते. काठीबद्दल कोणाच्या मनात कधी शंका आली नव्हती. शंका आली ती एका गरीब बाईने हात पुढे केला तेव्हा. याचा विचार आपण मंडळींनी ज्याचा त्याने करावा. रामेश्वराला नेण्याची गंगेची कावड नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा आम्ही शेकडो वेळा सांगतो, लोक डोळे पुसतात. ती कथा ऐकताना गाढव नेहमी दुसऱ्या गावचे असते.

आम्ही वीणेकऱ्यांना एवढेच म्हटले, "लेकराचे मूत म्हणजे अवमान नव्हे, अवमान मनात असतो. ही बाई कापड मागते ती लेकराला ऊब मिळावी म्हणून." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठले, पताका घेऊन हापशावर गेले, स्वतःच्या हाताने धुतली, आणि कट्ट्यावर बसून काठी घालावयाची शिवण उसवून टाकली. टोकही कापून सरळ केले. पताकेचा आकार राहिला नाही, साधे फडके झाले, तेव्हा ते बाईच्या हाती दिले. शास्त्र आम्ही सांगितले, पण प्रतिपत्ति त्यांनी केली. शिवण उसवण्याचे आम्हांला सुचले नव्हते.

आता कित्येकांचा मार्ग नदीचा. जुनी पताका वाहत्या पाण्यात सोडली की सुटलो, असे त्यांना वाटते. पूर्वी सुती कापड आणि कावेचा रंग होता, पाण्यात कुजून माती होई. आताच्या पुष्कळ पताका कृत्रिम धाग्याच्या असतात; त्या कुजत नाहीत, काठच्या बाभळीत अडकून वर्षानुवर्षे लोंबतात. चंद्रभागेत, इंद्रायणीत अशा चिंध्या सोडून पुण्य कोणाला मिळते ते त्यालाच ठाऊक. म्हणून पताका घेतानाच सुती घ्यावी. शेवटी तिचे काय करावयाचे, हे घेतानाच ठरते. कृत्रिम धाग्याचे कापड लेकराच्या अंगाखाली घालावयास तर मुळीच देऊ नये.

राष्ट्रध्वजाची गोष्ट वेगळी, ती येथेच सांगून टाकतो. २०२२ साली ऑगस्टात घरोघर तिरंगा लावण्याची मोहीम झाली, फार उत्तम झाले. पण काही छपरांवर तेच ध्वज आश्विनातही दिसले, विटलेले, अर्धे फाटलेले. २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट आहे की फाटका वा चुरगळलेला ध्वज लावू नये. आणि खराब झालेला ध्वज कोठेही टाकून न देता खाजगी जागी, शक्यतो जाळून, त्याचा मान राहील अशा रीतीने पूर्ण नष्ट करावा. त्याचा रुमाल वा उशीचा अभ्रा करण्यास मनाई आहे. तेव्हा तिरंगा कोणी लेकराखाली मागितला तर देऊ नये. दुसरे पांघरूण द्यावे, स्वतःच्या अंगावरचे द्यावे. पताका त्या गावाने उभारली, तिची वाट ते गाव चार माणसांत बसून लावू शकते. तिरंगा कोट्यवधींचा आहे. तेथे वाक्य स्पष्ट आहे, आणि स्पष्ट वाक्य असता तर्क चालवू नये हेही मीमांसाच शिकविते.

हे एका गावी बोललो तेव्हा मागून एका तरुण टाळकऱ्याने विचारले, "महाराज, मग जुन्या पताकेनं पेटी पुसली तर चालंल ना?" मंडळी हसली. आम्ही म्हटले, "नको. पेटी पुसायला तुझा जुना सदरा आहे, त्यानं पूस. लेकराला दुसरं काही नव्हतं."