पाटी वाचता आली पाहिजे

चि. नातीस,


तुझं पत्र पोचलं. बारावीनंतर ग्राफिक डिझायनर व्हायचं म्हणतेस आणि विचारतेस, आधी लॅपटॉप घेऊ की क्लास लावू. दोन्ही जरा थांबू दे. आधी मुरबाडच्या एसटी स्टँडवर तासभर बस आणि समोरच्या पाट्या वाच. चालत्या गाडीतून कुठली वाचता येते, कुठली समोर उभं राहूनही कळत नाही, ते कारणासकट वहीत लिही.

मी पाट्या रंगवायचो तेव्हाची गोष्ट. एका दवाखान्याची पाटी होती. खडूची दोरी मारून ओळी आखल्या, अक्षरांना वेलबुट्टी काढली, जांभळ्यावर निळा रंग चढवला. स्वतःवरच खूश होतो. दुसऱ्या दिवशी तापानं फणफणलेलं पोर कडेवर घेऊन एक बाई त्याच पाटीखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "दादा, दवाखाना कुठंय?" बाई शिकलेली होती, वाचता येत नव्हती ती माझी पाटी. संध्याकाळी ती उतरवली आणि पांढऱ्यावर ठसठशीत लाल अक्षरांत पुन्हा रंगवली. रंगाचे पैसे अंगावर पडले, पण धंदा काय असतो ते त्या दिवशी कळलं.

कमी सामानात काम कसं होतं, ते वारली घरातल्या भिंतीवर लग्नासाठी काढलेल्या चौकाच्या चित्रात बघ. गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढंच. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण की झाला माणूस. त्रिकोण जरा कलले की तो नाचायला लागला. हीच रेषा कागदावर उतरवून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. ते डहाणूकडचे, तेव्हा डहाणू आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं.

मग अक्षराकडे वळ. संगणकावर मराठी टाइप करताना दिसणारा 'मंगल' फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. आधी हातात लेखणी, मग संगणक, असा त्यांचा प्रवास. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखली की नाटक गंभीर की विनोदी, ते जाहिरातीतल्या अक्षरावरूनच कळावं. 2010 साली आलेल्या रुपयाच्या चिन्हातही आपला 'र' आणि त्याची शिरोरेषा आहे. तू गावांच्या नावांवर हात बसव. 'डोळखांब'चा अनुस्वार कुठे बसतो, 'किन्हवली'तला 'न्ह' लांबून 'ह'सारखा तर दिसत नाही ना, 'टोकावडे'च्या मात्रा वरच्या ओळीला टेकतात का, हे हातानं काढल्याशिवाय उमगत नाही.

शिक्षणाचं म्हणशील तर उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची असते. मुंबईचं जे.जे. हे कलेचं महाविद्यालय 1857 पासूनचं. शहापूरकरांनी आसनगावला लोकल धरली की सीएसएमटीहून ते चालत गाठता येतं. आपल्याला मात्र आधी एसटीनं कल्याण. प्रवेशपरीक्षेचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाच. पदवी जमली नाही तर एखाद्या छापखान्यात किंवा फ्लेक्सच्या दुकानात सहा महिने राब. पडद्यावरचा झळझळीत हिरवा कागदावर मळका का होतो, कापताना कडेचं अक्षर का जातं, हे तिथे नुकसान सोसून कळतं. सॉफ्टवेअर काही महिन्यांत येतं आणि काही वर्षांत बदलतं. नजर मात्र बदलावी लागत नाही.

आणि गिऱ्हाइकाशी बोलायला शीक. वाढदिवसाच्या फलकावर चाळीस चेहरे टाका म्हणून कुणी अडून बसेल, तेव्हा न भांडता विचार, "साहेब, रस्त्यावरून जाणाऱ्यानं यातलं कोण लक्षात ठेवायचं?" कामाचे पैसेही आधी ठरव. संकोचानं फुकट केलेलं काम पुढे कुणी विकत घेत नाही.

पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरेल. तिथल्या एखाद्या घोंगडीवाल्यासाठी एक पाटी करून आण. रंग दोन, शब्द चार, त्याहून जास्त नकोत. मी गर्दीच्या पलीकडे उभा राहीन, चष्मा न लावता. मला वाचता आली तर लॅपटॉपचे पैसे माझे.

तुझा,
आजोबा