उमेद कोणाकडे मागावी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतली एक मुलगी कथेची वही घेऊन घरी आली. मुलगी आपली म्हणायची. ती स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पण एके काळी माझ्या वर्गात बसत होती, म्हणून माझ्या लेखी अजून मुलगीच. कथा साधी होती. एक म्हातारी आजी, डोळ्यांनी अधू झालेली. कन्नड माध्यमात शिकणारा नातू तिला रोज रात्री मराठी बायबल वाचून दाखवतो. त्याला मराठी अक्षरे धड लागत नाहीत, आणि आजीला सारे पाठ. तो अडखळला की ती अंधारातून शब्द पुरवते. एके रात्री शब्द येत नाही. आजीला डोळा लागलेला असतो. कथा तिथेच संपते.

मला ती आवडली. पण ती मुलगी रडवेली झाली होती. कथा तिने आधी पाळकसाहेबांना दाखवली होती. ते म्हणाले, शेवटी आजीची साक्ष हवी, नुसती झोप कशी? मग एका मासिकाकडे पाठवली. तिथून पत्र आले की कथा बरी आहे, पण बायबलाऐवजी ‘जुनी पोथी’ म्हटले तर सर्व वाचकांना आपली वाटेल. "सर, एकजण विचारतात यात ख्रिस्त कुठं आहे, दुसरे विचारतात यात इतका ख्रिस्त कशाला. मी लिहायचं तरी कुणासाठी?"

मी तिला चहा दिला आणि "लिहीत राहा" असे सांगून वाटेला लावले. ती गेल्यावर माझीच मला लाज वाटली. "लिहीत राहा" हे म्हणायला काही खर्च येत नाही.

तिचा प्रश्न माझाही होता. मराठीत लिहिणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या पुढ्यात नेहमी दोन उंबरठे असतात. एका उंबरठ्यावर त्याचे लेखन श्रद्धेला किती उपयोगी पडते ते तोलले जाते. दुसऱ्यावर त्यात धर्मप्रसाराचा वास तर येत नाही ना, हे हुंगले जाते. संपादकांना आमची आठवण डिसेंबरात होते आणि नाताळावर ‘काहीतरी छोटेसे’ हवे असते. आमच्या बेळगावात तर आणखी एक पदर आहे. घरात मराठी, शेजारी कन्नड, काही घरांत कोंकणी, आणि पुढची पिढी प्रार्थना इंग्रजीत शिकते. इथे मराठी लिहिणाराच मुळात थोडक्यांतला. त्यात तो ख्रिस्ती म्हणजे थोडक्यांतला थोडका.

हे खरे आहे, पण याची तक्रार किती करावी यालाही मर्यादा हवी. मी स्वतः ‘साभार परत’ आलेल्या लेखांची एक फाईल कित्येक वर्षे जपून ठेवली होती. संध्याकाळी ती चाळायचो. कोणी काय शब्द वापरून परत पाठवले, ते मला पाठ झाले होते. त्या वर्षांत माझे लेखन सर्वांत कमी झाले. नाकारले जाण्याने माझे जेवढे नुकसान केले, त्याहून जास्त त्या फाईलने केले.

बाबा पदमनजी आमच्या गावचे, १८३१ साली बेळगावात जन्मलेले. १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८५७ साली त्यांची ‘यमुनापर्यटन’ आली. आज तिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मान आहे. मी ती दोनदा वाचली आहे आणि स्पष्टच सांगतो, तिच्यातले उपदेशाचे भाग आता पुढे सरकत नाहीत. पण विधवांच्या हालांची वर्णने येतात तिथे पान सोडवत नाही. पदमनजींची नजर जेव्हा त्या बाईवर आहे तेव्हा लेखणी जिवंत आहे. वाचकाला पटले की नाही हे पाहायला त्यांनी मान वर केली की ती जड होते. एकाग्रता भंगते ती अशी. वेळ मिळत नाही, घरात गोंगाट आहे, ही कारणे आपण देतो; पण खरे विघ्न हे सारखे मान वर करून पाहणे. कोण मान डोलावतो आहे? पाळक, की संपादक?

आणि विषय पवित्र आहे म्हणून लेखन सैल चालते, हा आमच्यातला जुना रोग. हेतू शुद्ध असला की वाक्य शुद्ध नसले तरी माफ! प्रभूच्या नावावर आम्ही जेवढे कच्चे गद्य खपवले आहे तेवढे सुतारकाम कोणी खपवून घेतले नसते. येशूच्या दाखल्यांकडे पाहावे. पेरणारा, हरवलेले नाणे शोधताना घर झाडणारी बाई, पिठात खमीर मिसळणारी बाई. या गोष्टींच्या आत देवाचे नावसुद्धा क्वचितच येते. उधळ्या मुलाच्या दाखल्यात थोरला भाऊ रागावून अंगणात उभा आहे, बाप त्याची मनधरणी करतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे सांगितलेलेच नाही. आजच्या एखाद्या मंडळीच्या मासिकाने तो दाखला ‘शेवट पुरा करून पाठवा’ म्हणून परत केला असता असे मला कधी कधी वाटते.

पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न उमेदीचाही होता. काही धार्मिक मंडळी म्हणतात, देवासाठी लिहिता ना, मग माणसाच्या शाबासकीची हाव कशाला? हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे निष्ठुर आहे. एकट्याने फार काळ कोणी लिहीत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते. वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्या साठी उलटून गेल्या होत्या. त्यांच्या मागे मुलगा देवदत्त होता. आठवणी लिहून काढा म्हणून आईच्या पाठीशी लागणारा आणि त्या छापून आणणारा. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूबरोबर अर्धवट राहिले होते; थोडेच अध्याय झाले होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी रचले आणि त्यांच्या पश्चात १९३८ साली ते छापून आले. त्या पुस्तकाची शाबासकी त्यांना मिळालीच नाही. सोबत मात्र मिळाली होती. मला वाटते, शाबासकी आणि सोबत या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. शाबासकी उंबरठ्यावर मिळते, सोबत ओसरीवर.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. केडगावच्या मुक्तिसदनात शेकडो अनाथ मुली आणि विधवांचा संसार सांभाळून त्यांनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर एकट्याच्या बळावर केले. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची भाषांतरे होतीच. पण त्यांतली भाषा खेड्यातल्या साध्या बाईला पेलत नाही आणि कित्येक शब्द मुळातला अर्थ दुसरीकडेच नेतात, असे त्यांचे म्हणणे होते. दीड दशकाहून अधिक काळ हे चालले. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तिसदनातल्याच बायका होत्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. सारी भिस्त जिच्यावर, तीच. तरी मुद्रितांचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा काम पुरे झाले होते. छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. ते भाषांतर मंडळ्यांतून फारसे रुळले नाही, हेही खरे. जुनेच भाषांतर व्यासपीठावर राहिले. फळ मोजायला बसले तर हिशेब तोट्याचा. पण सकाळी उठून एका शब्दासाठी थांबायचे, आणि तो शब्द ज्यांच्यासाठी शोधायचा त्याच बायका पलीकडच्या खोलीत खिळे जुळवीत आहेत. मला त्या खोलीचा हेवा वाटतो.

फादर स्टीफन्सचे तर सारेच विलक्षण. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट. ‘ख्रिस्तपुराणा’च्या जवळजवळ अकरा हजार ओव्या त्याने रचल्या, आणि नागरी खिळे नव्हते म्हणून १६१६ साली राचोलला त्या रोमन अक्षरांत छापून घ्याव्या लागल्या. तीन वर्षांनी तो वारला. पुढे आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती लागत नाही. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवरच बंदी घातली. पुराण वाचले ते हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले. उतरवून घेणारे ते कोण होते? त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. रात्री दिव्याशी बसून ओवीमागून ओवी लिहिणारी ही माणसे स्टीफन्सला भेटलीही नसतील.

२०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या, आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या धर्मावरून काहींनी विरोध केला, पण ते झाले. आम्ही इकडे पेढे वाटले. आता दार उघडले असे सगळे म्हणत होते. महिन्याभरात मी पुन्हा माझ्या टेबलाशी होतो आणि कोरा कागद पूर्वीइतकाच कोरा होता. दिब्रिटो २०२४ साली गेले. त्यांच्या अध्यक्षपदाने मला अभिमान दिला, वाक्य दिले नाही. त्यांनी स्वतः तरी त्याची वाट कुठे पाहिली होती? ‘सुवार्ता’ त्यांनी वर्षानुवर्षे चालवले, संमेलन बोलावो न बोलावो.

दसऱ्याच्या सुमारास ती मुलगी पुन्हा आली. मीच निरोप धाडला होता. या खेपेला मी चष्मा काढून आणला आणि म्हटले, "बस, वाचून दाखव." आजीची झोप तिने तशीच ठेवली होती. पोथीही केली नव्हती. बायबल होते ते बायबलच राहिले. तिची अडचण निराळी होती.

"सर, नातू शेवटी ज्या शब्दावर अडखळतो तो शब्द कोणता घेऊ? आधी ‘प्रायश्चित्त’ घातला होता. जोडाक्षर आहे, कन्नड शाळेतलं पोर अडेलच. पण तो फार मोठा वाटतो. जणू मी मुद्दाम निवडलाय."

"मुद्दामच निवडलास."

"हो. मग ‘क्षमा’?"

"तेही मुद्दामच वाटेल. घरात तुझी आजी काय म्हणायची?"

ती थांबली. मी बायबल उघडून तिच्यापुढे सरकवले आणि तो उतारा आम्ही पहिल्यापासून बोट ठेवून, एकेक शब्द, त्या पोराला तो कसा दिसेल ते पाहत वाचू लागलो. हिने आतून दोनदा चहाला हाक मारली.