नोंदीपुरते कर्तव्य

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या माणसाला एक समाधान हमखास लाभते. कागद आला, वाचला, त्यावर टिपण लिहिले, खाली तारखेसह सही केली आणि फाईल वरच्या टेबलाकडे गेली, की मन हलके होते. पुढे त्या कागदाचे काय झाले, हा प्रश्न मग आपला राहत नाही. हे समाधान खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यावाचून आम्हां कारकुनांस रात्री झोप लागली नसती. पण ते कोठवर खरे, असा प्रश्न एका परदेशी निकालपत्राने आमच्यापुढे टाकला आणि तो अद्याप काही केल्या सुटत नाही.

निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा, २२ फेब्रुवारी १९८९ चा. विस्कॉन्सिन राज्यातील विनेबॅगो काउंटीत जोशुआ डीशेनी नावाचा मुलगा आईबापांच्या घटस्फोटानंतर बापाकडे राहत होता. बाप त्याला मारतो, अशी तक्रार काउंटीच्या समाजसेवा खात्यापर्यंत प्रथम जानेवारी १९८२ मध्ये आली. बापाने नाकारले आणि खात्याने प्रकरण पुढे चालविले नाही. वर्षाने मुलगा अंगभर वळ व खरचटे घेऊन इस्पितळात आला. डॉक्टरांस संशय आला. खात्याने कोर्टाचा हुकूम मिळवून त्याला तेथेच ठेवून घेतले. तीन दिवसांनी बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, पोलीस, काउंटीचा वकील आणि खात्याची माणसे यांची बैठक भरली. पुरावा अपुरा ठरला. मुलाला बालवाडीत घालावे, घरात राहणाऱ्या मैत्रिणीला दुसरीकडे जाण्यास सांगावे, अशा काही गोष्टी बापाकडून कबूल करवून घेऊन मुलाला घरी धाडण्यात आले.

अशा घरांची पाहणी करणाऱ्या कर्मचाऱ्यास तिकडे केसवर्कर म्हणतात. या घराकडे नेमलेली बाई सहा महिने दरमहा तेथे जात होती. मुलाच्या डोक्यावरच्या संशयास्पद जखमा तिने पाहिल्या. बालवाडीत नाव घातलेले नाही, मैत्रीणही घर सोडून गेलेली नाही, हे तिच्या ध्यानात आले. तिने ते सर्व फाईलीत लिहिले. घरातले कोणीतरी या मुलाला मारीत असावे, हा आपला संशयदेखील लिहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये इस्पितळाने पुन्हा कळविले. त्यानंतरच्या दोन्ही भेटींत, मुलगा फार आजारी आहे, भेटू शकणार नाही, असे तिला सांगण्यात आले आणि ती परतली. मार्च १९८४ मध्ये बापाने त्या चार वर्षांच्या मुलाला असे मारले की तो बेशुद्ध पडला. जीव वाचला, पण मेंदू कायमचा अधू झाला. २०१५ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, जोशुआ वारला.

आमच्या नजरेने पाहता ती फाईल नमुनेदार म्हणावी लागेल. भेटी वेळच्या वेळी झाल्या, निरीक्षणे नोंदली गेली. ज्याच्यासाठी ती लिहिली जात होती त्याला मात्र वाचता येत नव्हते.

आईने दावा लावला. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने तो फेटाळला. नागरिकाला सरकारच्या हातून इजा होऊ नये, एवढेच ते कलम पाहते. खासगी माणसाच्या हातून होणाऱ्या इजेपासून त्याला वाचविण्याचे बंधन सरकारवर नाही, असे बहुमत पडले. शिवाय अधिकाऱ्यांनी घाईने मुलाला ताब्यात घेतले असते तर कुटुंबात ढवळाढवळ केल्याचा आरोप त्यांच्यावर आला असता, असेही न्यायालयाने म्हटले.

ही पळवाट आहे असे प्रथम आम्हांला वाटले. पण १९७८ साली त्याच देशाच्या काँग्रेसला तेथील मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी वेगळा कायदा करावा लागला होता. कारण त्या जमातींची पंचवीस ते पस्तीस टक्के मुले घरातून काढून परक्या घरी वा संस्थांत ठेवली गेल्याचे पाहण्यांत दिसून आले होते. त्या मुलांच्याही फाईली असणार, आणि त्यांवर सद्हेतूने केलेल्या सह्याही असणार. तेव्हा मूल आईबापांपासून तोडताना ज्याचा हात कचरत नाही, अशा केसवर्करचे आम्हांला भयच वाटेल.

एवढे मान्य करूनही त्या दोन भेटी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. मुलाला नेण्याचा निर्णय मोठा होता खरा. पण आजारी तर आजारी, मी त्याला पाहिल्याखेरीज दारातून हलणार नाही, इतके म्हणायला पुरावा कशाला हवा होता?

भिन्न मत देणाऱ्यांपैकी न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एक मर्म सांगितले. सरकारने असे खाते उघडले, की डॉक्टर, पोलीस, शेजारी आपापला संशय तेथे कळवितात आणि आपले काम झाले असे समजतात. म्हणजे खाते साऱ्या गावाची काळजी आपल्याकडे ओढून घेते. ते स्वस्थ बसले, तर खाते नसते त्याहून मुलाची स्थिती वाईट.

हे वाचताना आम्हांला आमची वसाहत आठवली. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या क्वार्टरमधून रात्री मुलाचे ओरडणे ऐकू येई. गृहस्थ हुद्द्याने आमच्याहून वरचे, सभ्य, सकाळी नमस्कार घेणारे. “अहो, फोन तरी करा,” असे घरातून दोनदा सांगून झाले. १०९८ हा क्रमांक आम्हांला पाठ होता. १९९६ साली तो आपल्या मुंबईतच सुरू झाला. आम्ही काय केले, तर वसाहतीच्या मंडळाच्या चिटणिसांच्या कानावर ती गोष्ट घातली. “बरे झाले सांगितलेत, लक्ष ठेवू,” असे ते म्हणाले. त्या रात्री आम्हांला स्वस्थ झोप लागली. पलीकडचा आवाज पुढेही येत राहिला. पण विषय आता मंडळाकडे होता.

त्या गृहस्थांची बदली झाली. सामान ट्रकवर चढत असताना तो मुलगा आमचा सायकलचा पंप परत द्यायला आला. दिल्लीतला जून महिना, आणि त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. आम्ही पंप घेतला आणि यंदा कितवीत, असे विचारले.