संकल्पाचे उदक



परीक्षा पुन्हा द्यावी काय, हा प्रश्न आज बालाघाटातही घरोघरी पडतो. सन २०२४ च्या ‘नीट’मध्ये १,५६३ विद्यार्थ्यांचे सवलतीचे गुण रद्द होऊन त्यांस फेरपरीक्षेची मुभा मिळाली, २३ जून रोजी ८१३ जण बसले, इतरांनी मूळ गुणच पत्करले. दोष कोणास द्यावा?

पूजेत आम्ही नित्य पाहतो : मंत्र पुरोहित सांगतो, परंतु संकल्पाचे उदक यजमानाच्याच हातून सुटते. तद्वत वडीलधाऱ्यांनी खर्च, अभ्यासातील उणीव, अन्य वाटा हे सर्व स्पष्ट सांगावे. निश्चय मात्र ज्याचा त्याने करावा. लोकलज्जेस्तव वाहिलेल्या वर्षात श्रद्धा कोठून येणार? मूल ‘पुन्हा’ म्हणो वा ‘पुरे’ म्हणो, घरातील माया उणी न व्हावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.